जुन्या पीसीवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर: नेमका कोणता, आणि नेटशिवाय आणायचा कसा?

जुनीपाने

नमस्कार मंडळी. माझा फ्लॅटबेड स्कॅनर जुना आहे, पण काच आणि दिवा अजून ठणठणीत. त्याचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोज एक्सपीच्या पुढे निघालाच नाही, त्यामुळे नवा लॅपटॉप त्याला ओळखत नाही. म्हणून माळ्यावरचा डेस्कटॉप खाली काढला, हार्डडिस्क फॉरमॅट केली आणि एक्सपी सर्व्हिस पॅक २ टाकली. स्कॅनर लगेच चालू झाला. नेटवर्क मात्र नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इथरनेट कंट्रोलर' असं लिहून शेजारी पिवळं प्रश्नचिन्ह, आणि आत कोड २८ (ड्रायव्हर बसलेला नाही).

मदरबोर्डाची सीडी नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून ते मॉडेल केव्हाच गेलंय. लॅपटॉपवरचा पेनड्राइव्ह या मशीनला लावला की 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' असं विचारतं.

ड्रायव्हर कोणता लागेल हे कसं ओळखायचं आणि या मशीनपर्यंत तो न्यायचा कसा? इंटरनेट नकोच आहे. स्कॅन केलेली पानं वायरने लॅपटॉपवर जावीत, एवढंच हवंय.

खटपट्या

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट चालायला ड्रायव्हर हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही! :)

पेनड्राइव्हचं सांगतो. तो बहुतेक एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असणार. एक्सपीला एक्सफॅट वाचायला वेगळा अपडेट लागतो, तो तुमच्याकडे नसणार. लॅपटॉपवर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा (आतलं आधी दुसरीकडे काढून), मग दिसेल. एक्सपीच्या प्रश्नाला 'हो' म्हणू नका, आतलं सगळं जाईल.

धावपळ

ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर मिळतात की. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकून मोकळं. इतका विचार कशाला?

शून्यएक

धावपळ, त्यातली बरीचशी सॉफ्टवेअर आधी नेट मागतात, इथे तर नेटच नाही. शिवाय त्यांच्यासोबत नको ते टूलबार आणि जाहिराती येतात. चुकीचा ड्रायव्हर बसला तर तो काढायचं काम वेगळंच. एकाच चिपसाठी हे सगळं करायची गरज नाही.

जुनीपाने, मदरबोर्डाचं मॉडेल, कॉम्प्युटरचं नाव, खोक्यावरचा स्टिकर, सगळं बाजूला ठेवा. ड्रायव्हर बोर्डाचा नसतो, चिपचा असतो. ती चिप स्वतःचा नंबर सांगते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या प्रश्नचिन्हावर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' टॅबवर जा आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. त्यात 'व्हीईएन' नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, 'डीईव्ही' नंतरची चार म्हणजे चिप.

व्हीईएन १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, ११एबी मार्व्हेल, १०डीई एनव्हिडिया, ११०६ व्हिया, १०बी७ थ्रीकॉम. जुन्या मशीनपैकी बहुतेक यातच सापडतात.

नंबर हातात आला की चिप बनवणाऱ्याच्या साइटवर तो ड्रायव्हर शोधा. बोर्डाच्या कंपनीने पान काढून टाकलं तरी चिपवाल्याकडे तो अनेकदा मिळतो. तिथेही नसेल तर त्याच चिपचा दुसऱ्या कंपनीचा बोर्ड शोधा, त्याच्या पानावरचा ड्रायव्हरही बहुतेक वेळा चालतो.

आणि उतरवलेला ड्रायव्हर तुमच्या चिपचा आहे की नाही हे मशीनवर न्यायच्या आधीच कळतं. झिप उघडा, आतली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ती साधी मजकुराची फाइल असते. त्यात तुमचा डीईव्ही नंबर शोधा. सापडला तर ड्रायव्हर तुमचा. नाही सापडला तर सेटअप कितीही वेळा चालवा, उपयोग नाही. जुन्या मशीनवर ड्रायव्हर बसवणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण अर्धा दिवस वाचतो.

गारवेल

सगळं बरोबर, पण आधी चिपसेटचा (मदरबोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांचा) ड्रायव्हर टाका. तो नसेल तर बाकीचं नीट बसत नाही.

चकमक

गारवेल, हा नियम सरसकट लागू होत नाही. पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेसवर (बोर्डावर कार्डं आणि चिप जोडायच्या मार्गावर) बसलेल्या साध्या नेटवर्क चिपला एक्सपीत चिपसेट ड्रायव्हरची वाट पाहावी लागत नाही. एनफोर्सच्या (एनव्हिडियाच्या चिपसेटच्या) बोर्डांवर मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. तिथे नेटवर्क चिपसेटच्या पोटातच असतं, त्यामुळे व्हीईएन १०डीई दिसलं तर एनफोर्सचं अख्खं पॅकेजच लागतं.

गारवेल

मान्य. मी ज्या मशीनवर काम केलं ती एनफोर्सचीच होती.

कौलारू

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'ऑनबोर्ड लॅन' एनेबल आहे ना तेही बघा. बोर्डावरची बॅटरी संपली असली की सेटिंग्ज मूळपदावर जातात. जुनीपाने यांच्याकडे कंट्रोलर निदान दिसतोय, म्हणजे ते चालू आहे. पण ज्यांच्याकडे पिवळं चिन्हसुद्धा येत नाही त्यांनी ड्रायव्हर शोधण्याआधी बायोस उघडावा. जी वस्तू विंडोजला दिसतच नाही तिला ड्रायव्हर देऊन काय होणार?

जुनीपाने

सगळ्यांचे आभार. पेनड्राइव्ह फॅट३२ केला, आता दिसतोय. नंबर मिळाला: व्हीईएन १०ईसी, डीईव्ही ८१६८, शेवटी आरईव्ही ०३.

म्हणजे रिअलटेक. पण मी वाचलं होतं की एक्सपीत रिअलटेकचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. मग इथे का नाही?

शून्यएक

एक्सपीत जो असतो तो ८१३९ चा, म्हणजे १०० मेगाबिटवाल्या जुन्या चिपचा. एक्सपी २००१ ची. तुमची चिप ८१११/८१६८ कुळातली, गिगाबिट, एक्सपीच्या नंतरची. तिचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर असणं शक्यच नव्हतं.

८१६८ बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. रिअलटेकने या चिपच्या अनेक आवृत्त्या काढल्या आणि सगळ्यांचा डीईव्ही नंबर ८१६८ च ठेवला. फरक आरईव्ही मध्ये दिसतो. त्यामुळे खूप जुना ड्रायव्हर घेतला तर आयएनएफमध्ये नंबर सापडतो, ड्रायव्हर बसतोही, आणि मग कोड १० येतो. म्हणजे ड्रायव्हर आहे पण चिप सुरू होत नाही. या चिपसाठी एक्सपीला चालणारा शक्य तितका उशिराचा ड्रायव्हर घ्या. सबंध झिप पेनड्राइव्हवर न्या, नुसती सेटअप फाइल नको.

मध्यरात्र

ड्रायव्हर बसवताना केबल काढून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म आला तेव्हा ताजी एक्सपी टाकून केबल लावली की अपडेट उतरण्याआधीच मशीन बाधित व्हायचं. काही उघडावं लागायचं नाही, क्लिक करावं लागायचं नाही. सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप चालू असते, त्यामुळे तुमची स्थिती बरी आहे. तरीही ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला सुरक्षा अपडेटचा नेहमीचा पुरवठा बंद झाला. अशा मशीनला राऊटरची केबल लावूच नये.

रानजाई

धाग्यात मध्येच घुसते, माफ करा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. सगळं चाललं, फक्त वायफाय नाही. एलएसपीसीआय (हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा) मध्ये १४ई४:४३१५ दिसतं. शून्यएक यांच्या यादीप्रमाणे ब्रॉडकॉम. मग त्याचाही ड्रायव्हर असाच शोधायचा का? लॅनची जागा मोडलेली आहे, केबल लावता येत नाही.

चकमक

रानजाई, ती बीसीएम४३१२. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर आहे, पण चिपमध्ये चढवायचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) परवान्याच्या कारणामुळे सोबत येत नाही. फर्मवेअर आणणारं पॅकेज ते नेटवरूनच आणतं, म्हणजे खटपट्यांचं वेड आणि लग्न पुन्हा आलं.

सगळ्यात सोपा मार्ग: अँड्रॉइड फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन साधं वायर्ड नेटवर्क कार्ड वाटतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन वायफायवर असला तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. मग मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, ब्रॉडकॉमचा पर्याय दिसेल, तो निवडा आणि रिस्टार्ट करा.

विंडोज ७ आणि पुढेही ही युक्ती बहुतेक वेळा तशीच चालते. एक्सपीला मात्र त्यासाठी वेगळी आयएनएफ फाइल लागते.

रानजाई

हे सुचलंच नसतं! करून बघते.

ओसाडवाडी

हार्डवेअर आयडी सांगणारी कार्डं हे किती मोठं सुख आहे, ते ज्यांनी आयएसए (पीसीआयच्या आधीच्या स्लॉटची) कार्डं बसवली त्यांनाच कळेल. विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण अजूनही कुणाकडे ९५ किंवा ९८ चं मशीन असेल.

एनई२००० हे नेटवर्क कार्ड आणि त्याच्या असंख्य नकला. कार्डावर जंपर (पिनांवर बसवायच्या टोप्या) असायचे आणि त्यांनी दोन गोष्टी ठरायच्या: आयओ ॲड्रेस (कार्डाशी बोलायचा पत्ता) आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार). ॲड्रेस बहुतेक ३०० हेक्स. आयआरक्यूवरून खरी मारामारी. ३ ठेवला तर तो कॉम२ चा, म्हणजे तिथे मोडेम असेल तर दोन्ही अडकणार. ५ ठेवला तर साउंड कार्ड तिथे आधीच ठाण मांडून. १० मोकळा असायचा, पण स्वस्तातल्या आठ बिट कार्डांना ९ च्या वरचा आयआरक्यू घेताच येत नसे, कारण त्या तारा स्लॉटच्या मागच्या वाढीव भागात असतात.

थ्रीकॉमच्या ३सी५०९ ला जंपर नव्हते. सेटिंग कार्डावरच्या मेमरीत राहायची आणि डॉसमधून त्यांचा प्रोग्रॅम चालवून ती बदलायची. विंडोज गोंधळत असेल तर त्याच प्रोग्रॅममधून प्लग अँड प्ले बंद करायचं, आयआरक्यू पक्का करायचा, आणि बायोसमध्ये तोच आयआरक्यू 'लेगसी आयएसए' साठी राखून ठेवायचा. ही शेवटची पायरी लोक विसरतात. मग बायोस तोच आयआरक्यू एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो आणि आज चालणारं नेटवर्क उद्या चालत नाही.

विंडोज ९८ मध्ये कार्ड बसवलं की मूळ सीडी मागितली जाते, कारण नेटवर्कच्या फाइल्स कॅब फाइल्समध्ये असतात. सीडीवरचं विन९८ फोल्डर आधीच हार्डडिस्कवर ठेवा आणि मागेल तेव्हा तिकडे बोट दाखवा. ९५ मध्ये आणखी एक: कार्ड टाकल्यावर नेटब्यूई आणि आयपीएक्स हे प्रोटोकॉल आपोआप यायचे, टीसीपी/आयपी आपल्याला हाताने जोडावा लागायचा. ड्रायव्हर ठीक, दिवा लागलेला, तरी काही नाही, असं दिसलं तर प्रोटोकॉलची यादी उघडा. आयपी बघायला 'विनआयपीसीएफजी' चालवा.

खटपट्या

ओसाडवाडी, वाचता वाचता जंपरची ती इवलीशी टोपी गालिच्यात हरवल्याची आठवण आली. काका, डॉसमध्ये नेटवर्क चालवलंय का कधी?

ओसाडवाडी

चालवलंय, आणि अजूनही चालवता येतं. डॉसला पॅकेट ड्रायव्हर लागतो, तो कार्डाप्रमाणे वेगळा. चालवताना त्याला एक सॉफ्टवेअर इंटरप्ट द्यायचा, सहसा ६० हेक्स. त्यावर एमटीसीपी हा फुकट मिळणारा संच चालतो. त्यात डीएचसीपी (आपोआप आयपी मिळवणं), पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघणं), एफटीपी (फाइल्स पाठवणं) सगळं आहे. फार नेटकं काम आहे ते.

जुनीपाने

मूळ मुद्द्यावर येतो, कारण अडलोय. मध्यरात्र यांच्या सांगण्याप्रमाणे केबल काढली. रिअलटेकचा सेटअप चालवला. तो म्हणतो कंट्रोलर सापडला नाही, 'डीप स्लीप मोड' चालू असेल तर केबल जोडा. आणि आता डिव्हाइस मॅनेजरमधून ते पिवळं प्रश्नचिन्हसुद्धा गेलंय! चिप जळाली का?

कौलारू

नाही हो, चिप धडधाकट आहे, झोपली आहे. वीज वाचवण्यासाठी रिअलटेकच्या काही चिप केबल नसताना स्वतःला इतक्या खोल बंद करून घेतात की पीसीआय बसवर त्या दिसेनाशा होतात. दिसत नाही म्हणून विंडोज तिला यादीतून काढतं, आणि सेटअपला ती सापडत नाही. केबल लावली, समोरून सिग्नल आला, की ती जागी होते.

म्हणजे सेटअपचा निरोप शब्दशः खरा आहे. केबल लावा.

मध्यरात्र

केबल लावा, पण राऊटरला नाही! दुसरं टोक लॅपटॉपच्या लॅन पोर्टमध्ये घाला. समोर फक्त सिग्नल हवा, इंटरनेट नको. तुम्हाला शेवटी लॅपटॉपशीच बोलायचंय.

कौलारू

हे उत्तम. दोन्ही बाजूंचे दिवे लागले पाहिजेत. दिवे लागूनही कंट्रोलर दिसला नाही तर मशीन बंद करून मागची पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मग पुन्हा लावा. नुसत्या शटडाऊनने या चिपची वीज जात नाही, स्टँडबायची चालूच असते.

ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही एका मशीनवर आहेत त्यांनाही हेच भोवतं. विंडोज बंद होताना चिपला झोपवतं आणि लिनक्समध्ये लिंक मिळत नाही. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये 'शटडाऊन वेक ऑन लॅन' एनेबल केलं की थांबतं.

गारवेल

लॅपटॉप आणि डेस्कटॉप थेट जोडायचे तर क्रॉस केबल (एका टोकाला तारा उलट जोडलेली) लागेल ना?

चकमक

दोन्ही जुनी १०० मेगाबिटची कार्डं असती तर लागली असती. इथे दोन्हीकडे गिगाबिट आहे, ती पोर्ट सरळ-उलट स्वतः ओळखून घेतात. पण केबलमधल्या आठही तारा धड असाव्यात. १०० मेगाबिटला चार पुरतात (१, २, ३ आणि ६ या पिना), गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार तुटली तर दिवा लागतो-जातो, किंवा वेग १०० वर येतो, आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

जुनीपाने

कौलारू, मध्यरात्र, दोघांनाही मनापासून धन्यवाद. केबल लॅपटॉपला लावताच प्रश्नचिन्ह परत आलं, सेटअप पूर्ण झाला. कार्डाचं नाव नीट दिसतंय, दिवा लागलाय.

पण आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा मिळालाय आणि टास्कबारवर 'लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी'. ड्रायव्हर अर्धवट बसला का?

धावपळ

१६९.२५४ म्हणजे बिघाड. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. आणि स्पीड '१०० फुल ड्यूप्लेक्स' (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) वर पक्का करा, ऑटोवर जुनी कार्डं गडबडतात.

शून्यएक

काढू नका! १६९.२५४ दिसला याचा अर्थ ड्रायव्हरने त्याचं काम केलं. विंडोजने केबलवरून 'कुणी आयपी देतंय का' असं विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक पत्ता घेतला. राऊटरला जोडलेल्या मशीनवर हा पत्ता दिसला तर डीएचसीपी कुठे अडला ते शोधायचं. तुमच्या केबलच्या टोकाला राऊटर नाहीच, मग आयपी देणार कोण? दोन्ही मशीन १६९.२५४ मध्ये असतील तर ती एकमेकांशी बोलूसुद्धा शकतात.

पण हे पत्ते बदलू शकतात, म्हणून हाताने द्या. डेस्कटॉपला १९२.१६८.५०.२, लॅपटॉपच्या लॅनला १९२.१६८.५०.१, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे ठेवा. लॅपटॉपचं वायफायही १९२.१६८.५० मध्येच असेल तर ५० ऐवजी दुसरा आकडा घ्या. गेटवे रिकामा आणि लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग बंद, म्हणजे एक्सपीला बाहेर जायला वाटच नाही. मध्यरात्र यांची काळजीही मिटते.

मग डेस्कटॉपवरून लॅपटॉपला पिंग करा. उत्तर नाही आलं तर लॅपटॉपची फायरवॉल पिंग अडवत असेल, उलट बाजूनेही करून बघा.

चकमक

धावपळ, '१०० फुल' पक्का करायचा सल्ला इथे नुकसान करेल. एका टोकाला वेग आणि ड्यूप्लेक्स पक्के केले की ते टोक वाटाघाटी थांबवतं. ऑटोवर असलेल्या दुसऱ्या टोकाला १०० चा वेग सिग्नलवरून कळतो, ड्यूप्लेक्स कळत नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. एक बाजू फुल, दुसरी हाफ. पिंग छान जातं, मोठी फाइल सुरू केली की सरपटते. हा दोष शोधायला अत्यंत अवघड, कारण सगळं 'चालतंय' असं दिसतं. शिवाय तांब्याच्या तारेवर गिगाबिटला ऑटो लागतंच. दोन्हीकडे ऑटो ठेवा.

धावपळ

बरं, हे माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या जुन्या हबवर ऑटो चालायचं नाही, म्हणून म्हटलं.

चकमक

हबच्या काळात ते बरोबरच होतं. पण हबवर हाफ पक्का करायचा, कारण हबला फुल जमतच नाही.

आडवाटा

माझा वेगळा प्रश्न. एक्सपीच्या लॅपटॉपवर वायफाय ड्रायव्हर नीट बसलाय, शेजाऱ्यांची नेटवर्क दिसतात, पण आमचंच दिसत नाही.

कौलारू

कार्ड बी/जी (जुन्या वायफाय प्रकाराचं) असेल तर ते फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं. तुमचा राऊटर ५ वर आहे का, किंवा 'फक्त एन' मोडवर? २.४ वरसुद्धा १२ किंवा १३ वा चॅनल असेल तर काही कार्डांना दिसत नाही. नाव दिसूनही जोडलं जात नसेल तर राऊटरवर डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) आहे का ते तपासा. एक्सपीला डब्ल्यूपीए२ साठीही सर्व्हिस पॅक ३ हवा (२ वर वेगळा अपडेट लागतो). आणि कार्डाच्या कंपनीचं वायफाय सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते आणि विंडोज एकाच वेळी कार्ड चालवू बघतात. दोघांपैकी एकालाच ते काम द्या.

आडवाटा

राऊटर ५ वरच होता! २.४ चालू केल्यावर जोडलं गेलं. पण साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची चूक दाखवतंय. ड्रायव्हर बदलू का?

शून्यएक

ड्रायव्हरला हात लावू नका. आधी घड्याळ बघा. बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल तर प्रत्येक सर्टिफिकेट चुकीचं ठरतं. तारीख बरोबर असेल तर दोष जुन्या ब्राउझरचा आहे. एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ८ टीएलएस (साइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) १.० च्या पुढे जात नाही आणि आजच्या बहुतेक साइट किमान १.२ मागतात. पिंगला उत्तर येतंय ना? मग कार्ड, ड्रायव्हर, आयपी सगळं ठीक आहे.

जुनीपाने

पिंग दोन्हीकडून जातंय! पण लॅपटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर एक्सपीतून उघडत नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे.

मध्यरात्र

एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त पहिली आवृत्ती येते, एसएमबी१. नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंदच असते, आणि ती चालू करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय त्यातल्याच दोषावरून पसरला होता.

लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर चालू करा. विंडोजच्या जादा घटकांमध्ये आयआयएस या वेब सर्व्हरबरोबर तो येतो. एक फोल्डर त्याला द्या, फायरवॉलमध्ये परवानगी फक्त त्या लॅनपुरती. एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत एफटीपीने सुरू करून लॅपटॉपचा आयपी लिहिला की फोल्डर उघडतं, फाइल्स ओढून टाकायच्या. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, पण इथे मध्ये फक्त एक केबल आहे.

खटपट्या

इतकं करण्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा नाही का?

जुनीपाने

दोन-चार पानं असती तर तेच केलं असतं. ए-फोर पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की बिनदाबलेली टिफ फाइल साधारण १०० एमबीची होते, आणि कपाटभर कागद आहेत. दर थोड्या वेळाने पेनड्राइव्ह काढ-घाल करण्यात स्कॅनरपेक्षा माझाच वेळ जास्त जातो.

रानजाई

फोन जोडून टिथरिंग केलं, ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ब्रॉडकॉम दिसलं, रिस्टार्ट केल्यावर वायफाय चालू! चकमक, खूप खूप आभार. हे त्या लॅपटॉपवरूनच लिहितेय.

जुनीपाने

एफटीपी चाललं. दोन्ही बाजू ऑटोवर आहेत, गिगाबिट दाखवतंय. एक अख्खं बाड स्कॅन होतंय आणि आधीचं बाड त्याच वेळी लॅपटॉपवर जातंय. किती बरं वाटतंय म्हणून सांगू!

शेवटचं एक. हार्डडिस्क जुनी आहे, केव्हा ना केव्हा पुन्हा एक्सपी टाकावी लागेलच. ड्रायव्हरची झिप जपून ठेवलीय. आणखी काय ठेवावं?

शून्यएक

झिपच्या शेजारी एक मजकुराची फाइल ठेवा. तिच्यात हार्डवेअर आयडीची पूर्ण ओळ, आरईव्हीसकट, आणि बसवताना केबल लावलेली हवी ही सूचना. हे सगळं हार्डडिस्कवर नको, सीडीवर घाला. एक्सपीला सीडी वाचायला काहीच लागत नाही.

ओसाडवाडी

आणि तीच ओळ कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मी माझ्या सगळ्या मशीनमध्ये चिकटवल्या आहेत, आयआरक्यूसकट.